लसूण खाद्याला चिकटवायची सोपी पद्धत

माशांच्या खाद्यात लसणाची किंवा हळदीची पावडर नुसती कोरडी मिसळली की दाणा पाण्यात पडल्यापडल्या निम्मी पावडर धुवून जाते, माशांच्या पोटात काय जाणार मग!

१. किलोभर पेलेटला (माशांच्या खाद्याच्या तयार दाण्यांना) १० ग्रॅम सोललेला लसूण बारीक ठेचा, १० मिनिटं तसाच राहू द्या.
२. थोड्याशाच पाण्यात कालवून, गाळून दाण्यांवर शिंपडा, हलक्या हाताने वरखाली करा, दाणा भिजून फुगायला नको.
३. सावलीत पसरून वाळवा, उन्हात अजिबात नाही.
४. शेवटी १०-१५ मिली खाद्यतेल चोळा, हीच खरी ट्रिक, तेलाचा थर बसला की लसूण पाण्यात लगेच सुटत नाही.

दोन दिवस पुरेल एवढंच बनवा, बुरशी आलेलं खाद्य तळ्यात टाकूच नका.