कयाकला भोक न पाडता फिश फाइंडर बसवताय? या चुका टाळा

पॉलिएथिलीनच्या चांगल्या कयाकला ड्रिल लावायला हात धजावत नाही, आणि तो धजावू नये असंच माझं मत आहे. पाडलेलं भोक बुजवता येतं, पण त्यावर पूर्ण भरवसा टाकता येत नाही. कयाक भाड्याची किंवा मित्राची असेल तर विषयच संपला. त्यामुळे फिश फाइंडर (ध्वनीने पाण्याची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) बसवताना धरमतरच्या खाडीत जिताड्यामागे फिरणारे, मांडवी-झुआरीत चोणक शोधणारे, धरणाच्या पाण्यात मरळ धरणारे बरेच जण क्लॅम्प, पट्टे आणि सक्शन कपवर काम भागवतात. भागतंही. पण मग तक्रारी सुरू होतात: स्क्रीन चालू आहे पण तळ दिसत नाही, खोलीचा आकडा नाचतोय, वल्हं मारलं की चित्र फुटतंय, आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कयाक कलंडली आणि यंत्र तळाला गेलं.

यातल्या बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असतं. दोष दोनच जागी सापडतो. एक, ट्रान्सड्यूसर (यंत्राचा ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग) आणि पाणी यांच्यामध्ये शिरलेली हवा. दुसरी, सैल पकड.

सगळा जीव स्क्रीनमध्ये, ट्रान्सड्यूसर वाऱ्यावर

ही सर्वांत मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो. स्क्रीन कुठे बसवायची, कुठल्या कोनात ठेवायची यावर लोक तासभर खल करतात आणि ट्रान्सड्यूसर मात्र जाता जाता कुठेतरी बांधून टाकतात. खरं काम तोच करतो. तो ध्वनीची लहर खाली सोडतो, परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून खोली काढली जाते. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर धावतो. पण वाटेत हवेचा कागदाएवढा थर जरी आला, तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच मागे फिरतो. तुमचं यंत्र १० हजारांचं असो की लाखाचं, हवेपुढे दोन्ही सारखीच आंधळी.

कडेला क्लॅम्पने दांडी लावून ट्रान्सड्यूसर पाण्यात सोडणं हा सगळ्यात सोपा मार्ग. त्यात जागा चुकते. वल्ह्याचं पातं जिथे पाण्यात घुसतं, म्हणजे तुमच्या गुडघ्या-पावलांच्या बाजूला, तिथे दांडी लावली की प्रत्येक फटक्याला बुडबुड्यांचा लोट थेट ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून जातो. पातं आपटतं ते वेगळंच. दांडी सीटच्या जरा मागे घ्या, आणि ज्या बाजूने तुम्ही मासा आत ओढता त्याच्या विरुद्ध बाजूला. नाहीतर गळाला लागलेला मासा पहिला वळसा तुमच्या दांडीलाच घालणार.

ट्रान्सड्यूसरचं तोंड पाण्याखाली निदान वीतभर हवं, म्हणजे लाटेवर कयाक डुलली तरी ते उघडं पडत नाही. आणि तोंड सपाट हवं. इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: किनाऱ्यावर रिकाम्या कयाकवर पाणसळ लावून सरळ केलेला ट्रान्सड्यूसर, तुम्ही बसल्यावर आणि मागे बर्फाची पेटी ठेवल्यावर तिरका होतो, कारण कयाकचा मागचा भाग खाली दबतो. म्हणून पूर्ण सामान लादून, गुडघाभर पाण्यात, तुम्ही सीटवर बसलेले असताना सोबत्याला बाजूने पाहायला सांगा. माशाच्या कमानी (पडद्यावर मासा अशा वाकलेल्या रेघेने दिसतो) एकाच बाजूने अर्धवट उमटत असतील तर पहिला संशय याच तिरकेपणावर घ्या.

दांडी घट्ट जाम करायची नाही. ओहोटीला खाडी उतरते आणि कालवांनी भरलेला खडक अचानक दीड फुटावर येतो. सांधा इतकाच आवळा की दांडी आपटली तर मागे फिरेल, मोडणार नाही. किनाऱ्याला लागताना ती हाताने वर उचलता आली पाहिजे.

तळाच्या आतून बसवताना

बाहेर काहीच लटकायला नको असेल तर हॅचमधून (कयाकच्या पोटात उघडणाऱ्या झाकणाच्या तोंडातून) हात घालून ट्रान्सड्यूसर कयाकच्या तळाच्या आतल्या बाजूला बसवता येतो. ध्वनी एका थराच्या प्लास्टिकमधून बऱ्यापैकी जातो. पण तीन थरांच्या, मध्ये फोम असलेल्या कयाकमध्ये हा बेत सोडून द्या. फोममध्ये हवाच असते.

इथली नेहमीची चूक म्हणजे एम-सील किंवा झटपट चिकटणारा गोंद. लोखंडाच्या पाइपाला एम-सील उत्तम, पण पॉलिएथिलीनला एपॉक्सी धड धरत नाही. शिवाय ते सुकून कडक होतं. तळ उन्हात आणि लाटेवर सतत थोडा थोडा वाकतो, कडा सुटते, आणि फटीत हवा शिरते. वरून सगळं शाबूत दिसतं, फक्त स्क्रीनवर पाण्याचा तळ दिसेनासा होतो.

त्यापेक्षा फोमची चौकट करा. पाणी न शोषणाऱ्या जाड फोमचा तुकडा घ्या, त्यात ट्रान्सड्यूसरच्या आकाराची खाच कापा आणि लवचीक राहणाऱ्या मरीन गोंदाने तो तुकडा तळाला चिकटवा. आधी ती जागा साबणाच्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. गोंदाला पूर्ण सुकायला पाकिटावर लिहिलेला वेळ द्या, घाई नको. मग खाचेत दोन-तीन चमचे पाणी घाला आणि ट्रान्सड्यूसर किंचित तिरपा धरून आत सरकवा, म्हणजे खाली अडकलेला बुडबुडा बाजूने निघून जातो. पाण्याऐवजी पेट्रोलियम जेलीही चालते. काम झाल्यावर ट्रान्सड्यूसर उचलून घरी नेता येतो, ही या पद्धतीची खरी मजा.

चिकटवण्याआधी एक परीक्षा मात्र घ्याच. ट्रान्सड्यूसर कडेवरून थेट पाण्यात सोडून खोली बघा. मग तोच पाणी भरलेल्या झिपच्या पिशवीत घालून आत, ठरवलेल्या जागी तळावर दाबून धरा. दोन्ही आकडे जुळले तर जागा चांगली. जुळले नाहीत तर चार बोटं पुढे-मागे सरका. तळावरच्या उभ्या कण्यांवर किंवा दुहेरी जाडीच्या जागी सिग्नल मार खातो.

आतून बसवल्यावर दोन गोष्टींवर पाणी सोडावं लागतं. यंत्र पाण्याचं नाही तर कयाकच्या पोटातलं तापमान दाखवतं. आणि ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झवर चालणारं बारीक तपशिलाचं चित्र प्लास्टिकमधून बरंच पुसट होतं. २०० किलोहर्ट्झचं साधं सोनार (ध्वनीने शोध घेण्याची पद्धत) त्यामानाने टिकून राहतं. ज्याने यंत्र त्या बारीक चित्रासाठीच घेतलं आहे, त्याने कडेची दांडीच पत्करावी.

सक्शन कप आणि दुहेरी टेप

रोटोमोल्ड (साचा फिरवून घडवलेल्या प्लास्टिकच्या) कयाकची कातडी बारीक खरखरीत असते. सक्शन कप घरी घट्ट बसतो, पण खाडीत, मिठाच्या थरावर, दुपारच्या उन्हात हळूहळू हवा घेतो आणि एका क्षणी सुटतो. लावायचाच असेल तर हॅचच्या गुळगुळीत झाकणावर लावा. दुहेरी टेप फायबरग्लासला चांगली धरते, पण पॉलिएथिलीनवर योग्य प्रायमर नसेल तर सोलल्यासारखी निघते.

माझा कौल नेहमी कयाकवर आधीच असलेल्या गोष्टींना. कडेला गिअर ट्रॅक (सामान अडकवायची खाचेची पट्टी) असेल तर टी-बोल्टचा, चेंडूवर फिरणारा माउंट (आधार) पाच मिनिटांत बसतो. नसेल तर रॉड होल्डरच्या खोबणीत बसणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो. तेही नसेल तर हँडलचा बोल्ट काढून तिथेच ब्रॅकेट लावा. नवा बोल्ट स्टेनलेस स्टीलचा, त्याच आट्यांचा आणि ब्रॅकेटच्या जाडीएवढाच जास्त लांब. फार लांब बोल्ट आतल्या बंद नटच्या तळाला टेकतो, आणि पाना फिरवत राहिलात तर नटच प्लास्टिकमध्ये गरगर फिरायला लागतो. मग ना हँडल, ना माउंट.

कडेला पकडणारा क्लॅम्प वापरत असाल तर पाण्यात उतरल्यावर अर्ध्या तासाने तो पुन्हा आवळा. उन्हाने प्लास्टिक मऊ होतं आणि सकाळी घट्ट वाटलेली पकड ढिली पडते.

दोरी बांधायला विसरणं

बहुतेक स्क्रीन पाण्यात बुडतात. म्हणून स्क्रीन, दांडी आणि बॅटरीची पेटी या तिन्हींना वेगवेगळी आखूड दोरी हवी, आणि ती केबलला नाही तर ब्रॅकेटला बांधलेली. आखूड यासाठी की उलटलात तर लांब दोरी आणि सैल केबल पायात गुंततात. हे मी कळकळीने सांगतो: यंत्र पुन्हा घेता येतं. उलटल्यावर ज्या बाजूने पोटावर सरपटत तुम्ही पुन्हा कयाकवर चढणार, ती बाजू पूर्ण मोकळी ठेवा. सगळी जोडणी झाल्यावर उथळ पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम एकदा पडा आणि चढून बघा. कुठे अडकतंय ते तेव्हाच कळेल.

बॅटरी

१२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची जुन्या पद्धतीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन किलोच्या वर भरते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट साधारण निम्म्या वजनाची असते, पण तिला तिचाच चार्जर हवा. लहान स्क्रीनला दिवसभरासाठी एवढी पुरते. पेटी मध्यरेषेवर, खाली, पट्ट्याने बांधलेली असू द्या. भोक पाडायचंच असेल तर ते पेटीला पाडा, त्यात केबल ग्लँड (केबलभोवती आवळून पाणी अडवणारा तुकडा) बसवा. धन तारेवर बॅटरीजवळच फ्यूज हवा, मॅन्युअलमध्ये लिहिलाय तेवढ्याच अँपिअरचा. मोबाइलची ५ व्होल्टची पॉवर बँक आणि स्वस्त बूस्टर ही जोडी टाळा. त्यातून येणारा विजेचा गोंधळ पडद्यावर ठिपक्यांच्या पावसासारखा दिसतो.

पाण्यात टाकायचा वायफायचा चेंडू

फोनवर चित्र पाठवणाऱ्या या तरंगत्या चेंडूला माउंट जवळजवळ लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण वायफायची लहर पाण्यातून जात नाही. चेंडू लाटेखाली दबला की चित्र तुटतं. जोरात ओढला की तो उड्या मारतो आणि तळाखाली पुन्हा हवा येते. कडेच्या आखूड दांडीला बांधा आणि सावकाश वल्हवा. चेंडू जोडलेला असूनही अ‍ॅप वारंवार तुटत असेल तर फोन तपासा: या वायफायला इंटरनेट नाही हे कळल्यावर फोन आपोआप मोबाइल डेटावर उडी मारतो. फेरीपुरता डेटा बंद ठेवा.

चित्र बिघडलं तर कुठून सुरुवात करायची

कयाक थांबलेली असताना तळ दिसतो आणि वल्हवताना जातो, तर ते बुडबुडे. दांडी मागे किंवा खाली घ्या. कुठेही गेलात तरी खोली एकाच छोट्या आकड्यावर अडकली असेल तर ट्रान्सड्यूसर तळाशेजारच्या हवेच्या थराचा प्रतिध्वनी वाचतोय. उचलून नव्याने बसवा. स्क्रीनचा प्रकाश वाढवला की यंत्र बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा टोकाला हिरवा गंज चढला आहे. खोली सतत एका ठरावीक फरकाने चुकत असेल तर सेटिंगमध्ये ट्रान्सड्यूसर पृष्ठभागाखाली किती आहे ते भरा, आणि खारं पाणी की गोडं तेही निवडा.

कमानीच दिसत नाहीत ही तक्रार मात्र अनेकदा बिघाडाची नसते. कयाक आणि मासा दोघेही स्थिर असतील तर कमानीऐवजी लांब आडवी रेघ उमटते. शिवाय ध्वनी खाली शंकूसारखा पसरतो, आणि २० अंशांच्या शंकूने ३ मीटर खोलीवर जेमतेम एक मीटर रुंदीचा तळ दिसतो. एवढ्या उथळ खाडीत मासे मोजण्यापेक्षा तळाची उतरण, खड्डा, पुलाच्या खांबाजवळचा खडक शोधायला यंत्र वापरा. फिकट रेघ म्हणजे चिखल, आणि ठळक रेघ म्हणजे कडक तळ. चोणक-जिताडा शोधणाऱ्याने गळ टाकायचा तो चिखल संपून कडक तळ सुरू होतो त्या कडेवर.