जांघेतली दुखरी गाठ: या चुका टाळा

जांघेत गाठ आली की माणूस आधी ती दाबतो, मग शेकतो, मग घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या संपवतो. लाजेपायी चार दिवस असेच जातात आणि मग डॉक्टरची आठवण होते. तोवर जी गाठ नुसती बघून ओळखता आली असती, ती सुजून ओळखू येईनाशी झालेली असते.

झोपवूनच तपासणं

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या भोकातून आतडं किंवा आतली चरबी बाहेर डोकावणं. ही गाठ उभं राहिल्यावर, खोकल्यावर, कुंथल्यावर बाहेर येते आणि आडवं झालं की आत जाते. साहजिकच, टेबलावर झोपवून तपासलं तर हाताला काही लागत नाही. आधी उभं करून खोकायला लावायचं, मग झोपवायचं, मग दुसरी जांघ बघायची. एवढ्याला दोन मिनिटं पुरतात. ती न देता थेट सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिण्याची नव्या डॉक्टर मंडळींची घाई काही कामाची नाही; पडल्यापडल्या केलेली सोनोग्राफीही तोच हर्निया चुकवू शकते. एक अपवाद ध्यानात ठेवावा. पायावर फुगलेल्या शिरा असतील तर मांडीच्या वरच्या टोकाला शिरेचाच मऊ, निळसर फुगा येतो आणि तोही आडवं पडल्यावर मावळतो.

आत न जाणारी गाठ रेटत बसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कालपर्यंत सहज आत जाणारी गाठ आज जात नाही, टणक झाली आहे, हात लावू देत नाही, म्हणजे आतडं किंवा आतली चरबी अडकली आहे. सोबत उलट्या, पोटफुगी, वारा न सरणं, गाठीवरची कातडी लाल होणं यातलं काही असेल तर रक्तपुरवठा तुटत चाललाय असं समजायचं. अशा वेळी आतडं काही तासांत काळं पडतं. तेव्हा घरी कुणीतरी जोर लावतोच. त्या जोरानं मरत आलेलं आतडं पोटात ढकललं जातं आणि तिथे फुटतं. किंवा हर्नियाची पिशवी जशीच्या तशी आत सरकते: बाहेरून गाठ गायब, आतला फास कायम. घरचे निर्धास्त होतात आणि उलट्या सुरूच राहतात.

अशा वेळी खाणंपिणं बंद करावं, कारण भूल द्यावी लागू शकते. गुडघे वाकवून उताणं झोपावं आणि लगेच जिथे ऑपरेशन होऊ शकेल अशा रुग्णालयात जावं. गाठ अडकून थोडाच वेळ झाला असेल, ताप नसेल, कातडी बदललेली नसेल, तर सर्जन वेदनाशामक देऊन हलक्या दाबानं ती बसवून बघतो. तो निर्णय त्याच्यावर सोडावा.

यातलाच फसवा प्रकार म्हणजे फेमोरल हर्निया. जांघेच्या घडीखाली, मांडीच्या आतल्या बाजूला सुपारीएवढी गाठ. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, त्यातही वयस्कर, बारीक अंगाच्या. ठरलेली कथा अशी: बाईंना उलट्या होतात, पित्ताच्या गोळ्या आणि सलाईन चालू होतं, पोट फुगतं म्हणून एक्स-रे निघतो, आतडी फुगलेली दिसतात. पोट चार जणांनी तपासलेलं असतं, पण साडी खाली सरकवून जांघ कुणीच बघितलेली नसते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी बघतं, तेव्हा आतड्याचा तुकडा कापावा लागतो. ही गाठ खोकल्यावर फुगेलच असं नाही. शिवाय आतड्याच्या भिंतीचा नुसता एक भाग अडकला असेल तर शौचाला होतही राहतं, त्यामुळे 'पोट साफ होतंय ना' या प्रश्नावर विसंबू नये. फेमोरल हर्निया सापडला की दुखत नसला तरी ऑपरेशन लांबवू नये.

गाठ बघायची, पाय बघायचाच नाही

जांघेतल्या लसिकाग्रंथी पाय, ढुंगण, गुद्द्वार आणि जननेंद्रियांकडून येणारा निचरा गाळतात. अवधाण आलं, म्हणजे या ग्रंथी सुजून दुखू लागल्या, की मोजे काढायला लावावेत. बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, टाचेची भेग, नखाचा पू, जांघेतले केस काढताना झालेली जखम यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा सापडतं. मूळ जखम बरी झाली की दोन-तीन आठवड्यांत अवधाण उतरतं. त्यानंतर एक-दीड सेंटिमीटरची मऊ, न दुखणारी गाठ मागे राहिली तर रोज चाचपडू नये. चाचपडूनही ती दुखते.

जननेंद्रियावर फोड किंवा व्रण असेल तर ते लपवून उपयोग नाही. सिफिलिस, शँक्रॉइड, एलजीव्ही (लिम्फोग्रॅन्युलोमा व्हेनेरियम) या लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांची औषधं आणि मुदती वेगवेगळ्या आहेत: एलजीव्हीला डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 21 दिवस. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडणारे आणि जोडीदाराला न सांगणारे परत येतातच. या गाठींत पू झाला तर चीर न देता शाबूत कातडीतून जाड सुईनं तो काढतात. कापलं तर जखम महिनोन्महिने वाहत राहू शकते.

गाठ न दुखता वाढत असेल, रबरासारखी लागत असेल, सोबत ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट असेल, तर बायोप्सी हवी. तोवर स्टेरॉइड घेऊ नये. लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, गाठ त्यानं तात्पुरती विरघळते आणि निदान अवघड होऊन बसतं.

बाकीच्या

केसतूड पिळू नका. पू धरला की चीर देऊन निचरा हाच इलाज. नुसत्या गोळ्यांनी गळू आटत नाही.

पुन्हा पुन्हा त्याच जागी गळवं येत असतील तर तो घामोळ्याचा प्रकार नव्हे, त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

जांघेतून अँजिओग्राफी झाली आहे आणि गाठीत ठोके लागतात? ती धमनीची गाठ असू शकते. सुई नाही, चीर नाही, डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा.

मधुमेह आहे, दुखणं सुजेच्या मानानं भलतंच जास्त आहे, कातडी काळसर होतेय: उद्याची वाट बघू नका.

हर्नियाचा पट्टा हा इलाज नाही. भोक बुजतं ते ऑपरेशननं, बहुधा जाळी बसवून. ऑपरेशननंतर त्याच जागी पाणी साचून फुगवटा येतो, तो बहुतेक वेळा काही आठवड्यांत जिरतो. सर्जनला दाखवावा, पण हर्निया परत आला म्हणून लगेच घाबरू नये.

आणि लहान मुलगा जांघ धरून रडत असेल तर अंडकोशाची पिशवी आधी बघा. एका बाजूला ती रिकामी असेल तर वर अडकलेल्या अंडकोशाला पीळ पडलेला असू शकतो. तो सहा तासांच्या आत सुटला तर अंडकोश वाचण्याची शक्यता चांगली असते, म्हणून सोनोग्राफीच्या रांगेत ताटकळू नका, थेट सर्जनकडे न्या.