माणूस सापडेना तर जमीन धरा: व्हर्जिनियातल्या जुन्या घराण्याचा माग

आमची मुलगी रिचमंडला असते. जावई तिथलाच, व्हर्जिनियाचा. चार वर्षांपूर्वी व्याह्यांनी एक झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "तुम्ही जमिनीतले माणूस. यात काय लिहिलंय सांगता का?" १७८३ सालचं खरेदीखत होतं, हेन्री काउंटीतलं. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हाच. अक्षर वळणदार, स्पेलिंग मनाला येईल तसं, पण मधल्या ओळी वाचल्या आणि मी सरसावून बसलो. "पांढऱ्या ओकपासून उत्तर ३५ अंश पूर्व, १२० पोल, हिकरीपर्यंत." ही तर चतुःसीमा! सातारा जिल्ह्यात तीस वर्षं भूकरमापक म्हणून मी दुसरं काय वाचत होतो?

व्याह्यांची वंशावळ १८०० च्या आसपास येऊन अडली होती, कारण त्या काउंटीत एकाच नावाचे पाच जण होते. ती गाठ आम्ही दोघांनी मिळून सोडवली. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत आता तिकडचे व्याही, जावई, सुना आहेत. त्यांच्यापैकी कुणाला उपयोग होईल म्हणून रीत लिहून ठेवतो.

अडचण कुठे येते ते आधी समजून घ्या. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिणारी पहिली अमेरिकी जनगणना १८५० ची. त्याआधीच्या जनगणनांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. व्हर्जिनियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८५३ मध्ये. त्यामागे जायचं तर मृत्युपत्रं, कोर्टाच्या वह्या आणि खरेदीखतं हाच रस्ता. म्हणून आजपासून मागे मागे जात १८५० पर्यंत या, मग जमीन धरा.

पहिलं काम काउंट्यांचा वंश लिहून काढण्याचं. रत्नागिरीतून १९८१ मध्ये सिंधुदुर्ग निघाला, तसं तिथे दर थोड्या वर्षांनी व्हायचं. आमची जमीन स्मिथ नदीच्या एका ओढ्यावर. तो मुलूख आधी ब्रन्सविक काउंटीत. १७४६ पासून लुनेनबर्गमध्ये, १७५२ पासून हॅलिफॅक्समध्ये, १७६७ पासून पिट्सिल्व्हेनियात आणि १७७७ पासून हेन्रीत. माणूस जागचा हलला नाही, पण त्याचे कागद पाच ठिकाणी! नवी काउंटी झाली तरी जुन्या वह्या जुन्याच कचेरीत राहतात. व्याह्यांनी दहा वर्षं फक्त हेन्रीच्या वह्या चाळल्या होत्या. १७८३ च्या खतात जमीन विकणाऱ्याचा बाप सापडत नव्हता, कारण तो हेन्री काउंटी जन्मायच्या आधीच गेला होता.

आता मृत्युपत्र. त्यावर दोन तारखा असतात, एक लिहिल्याची आणि एक कोर्टात शाबीत झाल्याची. मृत्यू या दोहोंच्या मध्ये धरायचा. १७५२ च्या आधी इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे "१० फेब्रुवारी १७४०" ही तारीख आपल्या हिशेबाने १७४१ ची असते. हे ध्यानात घेतलं नाही, तर बाप मेल्यावर त्याने मृत्युपत्र केलं असं दिसायला लागतं.

शब्दही जपून वाचा. सन-इन-लॉ म्हणजे जावई, पण त्या काळी सावत्र मुलगाही. कझन म्हणजे बऱ्याचदा पुतण्या किंवा भाचा. ऑर्फन म्हणजे बाप गेलेला. आई घरात हयात असू शकते. इन्फंट म्हणजे एकवीस वर्षांखालचा कुणीही, आपल्या सातबाऱ्यावरचा "अज्ञान" तोच. आणि सीनियर-ज्युनियर बाप-लेकच असतील असं मुळीच नाही. गावात एका नावाचे दोघे असले की वयाने मोठा तो सीनियर. व्याह्यांच्या जुन्या वंशावळीतली सगळ्यात मोठी चूक याच एका शब्दाने केली होती.

मृत्युपत्रात थोरल्या मुलाचं नाव नसेल तर त्याला बेदखल केलं असं समजू नका. तेव्हाच्या व्हर्जिनियात मृत्युपत्राविना माणूस गेला, तर सगळी जमीन थोरल्याला जायची. हा कायदा १७८५ मध्ये रद्द ठरला आणि १७८७ पासून सगळ्या मुलांना, मुलींनासुद्धा, सारखा वाटा मिळू लागला. त्यामुळे १७८७ नंतरची वारसांची खरेदीखतं म्हणजे शोधणाऱ्याची दिवाळी! एका कागदात सगळी भावंडं, लग्न झालेल्या बहिणी आणि त्यांचे नवरे लिहून देणार म्हणून रांगेने उभे असतात.

आमचा १७८३ चा कागद त्याआधीचा. त्यात लिहून देणार एकटाच, सोबत बायको. विकलेली जमीन २०० एकर. मी व्याह्यांना विचारलं, "ही याच्याकडे आली कशी?" त्यांनी हा प्रश्न कधी केलाच नव्हता. मला विचाराल तर सगळी विद्या या एका प्रश्नात आहे. प्रत्येक जमिनीची आवक-जावक मांडा. आत येण्याचा एक कागद, बाहेर जाण्याचा एक. लिहून देणारांची आणि लिहून घेणारांची अशा दोन्ही सूची पाहा. बाहेर जाण्याचा कागद आहे आणि आत येण्याचा नाही, तर जमीन सरकारी सनदेने आली, वारसाने आली किंवा बायकोकडून आली. आमच्या खतातल्या विकणाऱ्याच्या नावाचा माणूस लिहून घेणारांत कुठेच नव्हता.

म्हणून सनदा पाहिल्या. त्यांना तिथे पेटंट म्हणतात. वसाहतीच्या काळातल्या व्हर्जिनियाच्या सनदांच्या वह्या रिचमंडच्या ब्रॉड स्ट्रीटवर, लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात आहेत, आणि त्यांची छायाचित्रं घरबसल्या फुकट पाहता येतात. काउंट्यांच्या बऱ्याच वह्या फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावरही मिळतील. १७४८ ची ४०० एकरांची एक सनद निघाली, लुनेनबर्ग काउंटीच्या नावाने. नाव तेच. पण माणूस तोच की बाप की चुलता, हे नावावरून कसं कळणार?

इथे मी कागद-पेन्सिल काढली. पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपली मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे बरोबर दोन पोल. आपला गुंठा चार चौरस पोलांचा आणि एकर १६० चौरस पोलांचा. साताऱ्यात शिकलेलं गणित स्मिथ नदीवर तसंच्या तसं लागू पडलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आलेख कागदावर कोनमापकाने एकेक बाजू टाकत जा. उत्तर ३५ पूर्व म्हणजे उत्तरेकडून पूर्वेला ३५ अंश कललेली रेघ. शेवटची रेघ पहिल्या झाडाला येऊन मिळाली पाहिजे. मिळाली नाही तर बहुतेक वेळा कारकुनाने नक्कल करताना एखादी ओळ गाळलेली असते, कारण वहीतलं खत ही नक्कलच आहे. मूळ कागद खरेदीदार घरी न्यायचा. म्हणून वहीतल्या सहीवरून हस्ताक्षर ताडू नका.

दुसरी जमीन ट्रेसिंग पेपरवर काढा आणि पहिलीवर सरकवून पाहा. चुंबकसुई वर्षागणिक थोडी सरकते, तेव्हा जुन्या आणि नव्या मोजणीत कागद जरासा फिरवावा लागतो. आमच्या दोन नकाशांत ३५ वर्षांचं अंतर होतं. दोन बाजू आणि ओढा तंतोतंत जुळला, तिसरी रेघ नवीन पाडलेली. बापाची ४०० एकर, त्यातली २०० लेकाने विकलेली. त्या रात्री व्याही बराच वेळ तो ट्रेसिंग पेपर हातात धरून बसले होते.

मग पिट्सिल्व्हेनियाचं कोर्ट, चॅटम गावातलं. तिथल्या आदेशवहीत १७७० नंतरच्या पानांत बाप निघाला. मृत्युपत्र न करता गेलेला, म्हणून मालमत्तेची व्यवस्था विधवेकडे सोपवलेली. दोन धाकट्या मुलांना पालक नेमल्याची नोंदही होती. चौदा वर्षांचं मूल आपला पालक स्वतः निवडू शके, त्यामुळे अशा नोंदीवरून वयाचा अंदाज बांधता येतो. थोरल्याचं नाव कुठेच नाही, कारण तो सज्ञान होता आणि जमीन त्याचीच झाली होती.

आईचं नाव १७८३ च्या खतातच होतं, आम्ही ते वाचूनही वाचलं नव्हतं. विधवेला एक तृतीयांश जमिनीचा हयातीपुरता हक्क असे. विक्रीत तो हिस्सा वगळला होता आणि वगळताना तिचं नाव आलं होतं. दोनशे वर्षांत त्या घरात कुणाला ठाऊक नसलेलं नाव. म्हणून खताचा शेवट कधीही गाळू नका. विकणाऱ्याच्या बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन, खुशीने हक्क सोडतेस ना, असं विचारल्याची नोंदही तिथेच असते.

आणखी एक खूण सांगतो. लागोपाठच्या दोन दिवसांचे दोन कागद दिसले, पहिल्यात पाच शिलिंगांवर एक वर्षाचा भाडेपट्टा आणि दुसऱ्यात मोठी रक्कम, तर तो भाडेकरू नव्हे. जमीन विकण्याची ती तेव्हाची कायदेशीर पद्धत होती.

आता एक गोष्ट, जी मी व्याह्यांना पहिल्या दिवशी सांगितली नव्हती. बापाच्या मालमत्तेच्या यादीत, गाई, नांगर आणि पिसांच्या गादीच्या मध्ये, सहा माणसं होती. नुसती नावं, पुढे पौंडांत किंमत. १७०५ च्या कायद्याने व्हर्जिनियात गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवलं होतं. यादी वाचून व्याही उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा म्हणाले, ही नावंही लिहा. तुम्हीही लिहाच, वेगळ्या वहीत, काउंटी, वही आणि पान क्रमांकासह. मुक्त झालेल्या या लोकांपैकी बहुतेकांची नावं जनगणनेत येतात ती थेट १८७० मध्ये. त्यांच्या वंशजांना त्यामागे जायचं तर मालकांच्याच मृत्युपत्रांतून आणि याद्यांतून जावं लागतं. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या व्हर्जिनिया अनटोल्ड या संग्रहात अशी कागदपत्रं एकत्र केली आहेत.

वह्याच जळालेल्या असल्या तर? हॅनोव्हर काउंटीच्या बहुतेक वह्या अमेरिकेच्या यादवी युद्धात सुरक्षित राहाव्यात म्हणून रिचमंडला नेल्या आणि एप्रिल १८६५ च्या आगीत तिथेच गेल्या. अशा ठिकाणी सनदा पाहा, त्या काउंटीत नव्हत्या म्हणून वाचल्या. १७८२ पासूनच्या जमीन-कराच्या याद्या पाहा. त्यांत एखाद्या साली नावापुढे "इस्टेट" हा शब्द आला, की तो माणूस गेला असं समजावं. शेजारच्या काउंट्याही सोडू नका.

आमचं काम अजून संपलेलं नाही. त्या विधवेचं माहेर सापडायचं आहे. लग्नं बहुधा शेजारापाजारात व्हायची, म्हणून त्या ४०० एकरांना लागून असलेल्या प्रत्येकाचं मृत्युपत्र काढून त्यात तिच्या नावाची मुलगी आहे का, हे आम्ही पाहतो आहोत. लगतदार पाच होते. तिघांची पाहून झाली. उरलेल्या दोघांसाठी येत्या जूनमध्ये व्याही आणि मी पुन्हा चॅटमला जाणार आहोत.