स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकताना

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते. म्हणजे ३२ जीबी ईएमएमसी (आत कायमची बसवलेली स्वस्त साठवण) आणि ४ जीबी रॅमचा लॅपटॉप दोन्हीकडून गेला. अशा मशीनवर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी चालते. २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मात्र ज्या लॅपटॉपवर टॅली किंवा आधारचं बोटांच्या ठशाचं यंत्र चालतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

मिंट बसवण्याची आयएसओ फाइल जवळपास ३ जीबीची. रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये ती एका दिवसात उतरत नाही, आणि ब्राउझरमध्ये मधेच तुटली तर बरेचदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून टॉरेंट घ्या, म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवायची पद्धत. आज अर्धी, उद्या अर्धी चालते, आणि उतरलेला प्रत्येक तुकडा टॉरेंट स्वतःच तपासून घेतं. अपलोडची मर्यादा तेवढी अगदी कमी ठेवा. तो डेटाही तुमच्याच पॅकमधून जातो. तालुक्याला कोणाकडे फायबर असेल तर सरळ पेनड्राइव्ह घेऊन जाणं उत्तम.

जुनी डिस्क पुसण्याआधी सातबारा, पासबुकाच्या पीडीएफ, फोटो बाहेर काढा. आणखी एक गोष्ट हमखास राहते: फॉन्ट. कृतिदेवमध्ये टाइप केलेले जुने अर्ज फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या फाइली कॉपी करून ठेवा, नंतर मिंटमध्ये डबल-क्लिक करून बसवता येतात.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजमधल्या रूफस या प्रोग्रामने आयएसओ लिहा. त्यात पार्टिशन जीपीटी (GPT), टार्गेट यूईएफआय (UEFI) निवडा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा: एचपीला एफ९, डेल आणि बहुतेक लेनोव्होला एफ१२, आसुसला एस्केप. एसरमध्ये आधी एफ२ने बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एफ१२ बूट मेनू चालू करावा लागतो.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं की लगेच इन्स्टॉलवर तुटून पडू नका. आधी वायफाय, आवाज, टचपॅड आणि ब्राइटनेस तपासा. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. ते बहुधा लगेच लागतं, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडता येतो. इन्स्टॉलरला आतली डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये बहुधा इंटेल व्हीएमडी (VMD) किंवा आरएसटी (RST) हे डिस्क हाताळायचं सेटिंग चालू असतं, ते बंद करा. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत हा पर्याय लपवलेला असतो. मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबलं की उघडतो.

३२ जीबीत विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवायचा हट्ट सोडा, पूर्ण डिस्क पुसण्याचाच पर्याय निवडा. यादीत आतली डिस्क एमएमसीबीएलके० (mmcblk0) अशा नावाने दिसते. पेनड्राइव्ह वेगळा, आकार पाहून खात्री करा. कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या भागांच्या) चौकटीत टिक करा.

बॅटरी मेलेली असेल तर लाइन जायच्या वेळा टाळा. मधेच लाइन गेली तर डिस्क अर्धवट राहते, पण पेनड्राइव्ह शाबूत असतो, त्यामुळे पुन्हा सुरुवात करता येते. बायोस अपडेट मात्र अशा वेळी करूच नका, तिथे मशीनच जाऊ शकतं. मे महिन्याच्या उकाड्यात करायचं असेल तर पहाटे करा, गादीवर नव्हे, टेबलावर ठेवून. कूलरचा ओला झोत थेट लॅपटॉपवर येऊ देऊ नका.

बसवून झालं की कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडा. मग जागेकडे बघा: टाइमशिफ्टचा (मिंटच्या बॅकअप प्रोग्रामचा) एकच स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टमची एकच जतन प्रत, राहू द्या, आणि अपडेट मॅनेजरच्या ऑटोमेशनमध्ये जुने कर्नेल (सिस्टमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) आपोआप काढण्याचा पर्याय चालू करा. नाहीतर सहा-आठ महिन्यांत डिस्क भरते आणि अपडेट अडकायला लागतात.