चौकटीतली सक्युलंट दुसऱ्या खेपेला जगली

लातूरला आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर सक्युलंटची, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या रोपांची, जाळी लावलेली मातीची चौकट टांगली आणि पंधरा दिवसांत निम्मी रोपं गळून पडली. फार वाईट वाटलं. मुळं धरायच्या आधीच चौकट उभी केली होती मी. या वेळी कापलेले तुकडे 4 दिवस सावलीत ठेवले, काप सुकल्यावरच जाळीतून खोचले. आपली काळी माती अजिबात नको, पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. जाड वाळू, विटांचा चुरा, थोडं शेणखत पुरतं. चौकट 6 आठवडे आडवीच ठेवली. मग पूर्वेच्या भिंतीला, मागे बोटभर फट सोडून टांगली. मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, पश्चिमेचं ऊन रोपं भाजतं. पाणी देताना चौकट उतरवते, निथळली की परत टांगते. एचेव्हेरियाला, म्हणजे गुलाबासारखी पानं असलेल्या सक्युलंटला, आता पिल्लं फुटलीत.