गोचीड तापासाठी मेंढीचं रक्त तपासताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात सांगोल्याकडचे एक मामा मेंढी घेऊन आले. चारा सोडलेला, डोळ्याची आतली कड पांढरीफटक, कानामागं गोचिडांचे झुपके. मी रक्त घ्यायला सुई काढली तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, परवा आणि काल इंजेक्शन टोचलंय." ऑक्सिटेट्रासायक्लिन होतं, म्हणजे टेट्रासायक्लिन गटातलं प्रतिजैविक. पट्टीवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात, काहीच सापडलं नाही.

सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. आधी रक्त, मग औषध. मेंढीतला अ‍ॅनाप्लाझ्मा हा जिवाणू लाल पेशीत राहतो. टेट्रासायक्लिन गेलं की त्याची संख्या इतकी घटते की सूक्ष्मदर्शकाखाली तो हाती लागत नाही. थायलेरिया आणि बबेशियाही गोचिडांमुळेच होतात, पण ते जिवाणू नाहीत, एकपेशीय परजीवी आहेत, आणि त्यांची औषधं वेगळी. नुसत्या 'गोचीड ताप' या नावावर सुई टोचू नका.

पट्टी कानाच्या कडेच्या शिरेतल्या रक्ताची करा, पातळ ओढा, लगेच वाळवा आणि मिथेनॉलमध्ये बुडवा. गाडीच्या बॉनेटवर वाळत ठेवलेली पट्टी मी पाहिली आहे: माशा बसलेल्या, वर धूळ. अ‍ॅनाप्लाझ्मा म्हणजे लाल पेशीच्या कडेला दिसणारा एक मायक्रॉनपेक्षाही लहान गर्द ठिपका. धुळीचा किंवा रंगाचा कणही तसाच दिसतो, आणि मग आजार नसलेली मेंढी आजारी ठरते.

पीसीआरसाठी, म्हणजे रक्तातला जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी, जांभळ्या टोपणाची नळी लागते. ती खुणेपर्यंत भरा, हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटसुलट करा. झटकू नका, पेशी फुटतात. आमच्याकडच्या उन्हात नळी डिक्कीत राहिली तर नमुना वाया गेला म्हणून समजा. बर्फाच्या डब्यात ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका.

निकाल वाचतानाही गफलत होते. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून मेंढी निर्दोष ठरत नाही. बरी झालेली मेंढी जंतू बाळगून असते आणि तो पीसीआरमध्येच सापडतो. एलायझा, म्हणजे जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह आली तर जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढंच कळतं. डोळे पांढरे जंतांमुळेही होतात, म्हणून सोबत लेंड्याही तपासायला द्या.

मामांच्या कळपात ताप असलेली, औषध न दिलेली आणखी एक मेंढी होती. तिचं रक्त घेतलं. तिच्या पट्टीवर पेशींच्या कडेला ते ठिपके स्पष्ट दिसले.