चार पिंगवर निदान होत नाही

‘नेट स्लो आहे’ असा फोन आला की मी आधी विचारतो, वायफायवर आहात की वायरवर? दुसरा प्रश्न, विंडोज आहे का? बार्शीत फायबरच्या तक्रारी बघण्याचं काम माझं. निम्म्याहून जास्त वेळा माणूस म्हणतो, ‘पिंग करून बघितलं, चारही रिप्लाय आले, म्हणजे लाईन ठीक आहे ना?’ पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला डेटाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, पाठवून उत्तर किती वेळात येतं ते दाखवणारी कमांड. विंडोजमध्ये नुसतं पिंग मारलं की ३२ बाइटची चार पॅकेट जातात आणि चार सेकंदांत खेळ संपतो. मिनिटातून एकदा तुटणारी लाईन त्यात सापडायची कशी?

खाली सगळं देवनागरीत लिहिलंय. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. मोठं अक्षर लागेल तिथं तसं सांगतो, बाकी सगळी छोटी.

सुरुवात घरातल्या राउटरपासून करा, गूगलपासून नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा आणि टाइप करा:

पिंग -एन १०० १९२.१६८.१.१

‘-एन’ म्हणजे किती पॅकेट पाठवायची. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर ‘आयपीकॉन्फिग’ मारा, डिफॉल्ट गेटवेसमोर दिसेल. राउटरपर्यंतचा वेळ वायरवर एक-दोन मिलिसेकंदांच्या आत हवा, वायफायवर थोडा जास्त चालतो. पण इथंच मधूनमधून दोनशे, तीनशे दिसत असतील तर कंपनीला फोन करायच्या आधी लॅपटॉप राउटरजवळ नेऊन पुन्हा बघा. कपाटाच्या वर, टीव्हीच्या मागं ठेवलेले राउटर मी रोज बघतो.

मग दोन काळ्या खिडक्या शेजारीशेजारी उघडा. एकीत:

पिंग -टी १९२.१६८.१.१

दुसरीत:

पिंग -टी ८.८.८.८

८.८.८.८ हा गूगलचा सर्व्हर. ‘-टी’ लावलं की तुम्ही थांबवेपर्यंत चालू राहतं. कंट्रोल आणि सी दाबलं की थांबून हिशेब दाखवतं. कंट्रोल आणि ब्रेक दाबलं तर हिशेब दाखवून पुढं चालूच राहतं, पण बहुतेक लॅपटॉपवर ब्रेक ही कीच नसते. आता व्हिडिओ कॉल लावा आणि अडकण्याची वाट बघा. दोन्ही खिडक्यांत एकाच वेळी ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर घोळ घरातला. राउटर टकाटक उत्तर देतोय आणि ८.८.८.८ च तेवढं गप्प, तर पुढची लाईन बघायची, ते आमचं काम. सरासरीवर फार जाऊ नका. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेळ यांच्यातलं अंतर बघा. वीस आणि चारशे अशी टोकं असतील तर सरासरी पस्तीस असूनही कॉलमध्ये आवाज तुटणारच.

हिशेबात एक सापळा आहे. विंडोज कधीकधी ‘लॉस ० टक्के’ दाखवतं आणि नेट मात्र बंद असतं. वरच्या ओळी वाचा. ‘रिप्लाय फ्रॉम’च्या पुढं तुमच्याच मशीनचा पत्ता आणि ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असेल, तर ते उत्तर नव्हे, नकार आहे. विंडोज तोही ‘मिळालं’ म्हणून मोजतं.

आता अक्षरांचा गोंधळ. माइक म्यूस यांनी पिंग लिहिलं १९८३ च्या डिसेंबरात, अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत, युनिक्ससाठी. पुढं प्रत्येकानं आपापली अक्षरं लावली. लिनक्स आणि मॅकवर पॅकेटची संख्या ‘-सी’नं सांगायची. ती दिली नाही तर तिथं पिंग आपोआपच चालू राहतं. लिनक्सवर ‘-टी’ म्हणजे टीटीएल (पॅकेटनं जास्तीत जास्त किती राउटर ओलांडायचे तो आकडा), मॅकवर ‘-टी’ म्हणजे किती सेकंदांनी आटपायचं. पॅकेटचा आकार विंडोजमध्ये ‘-एल’, त्या दोघांत ‘-एस’. ‘-आय’ लिनक्सवर दोन पॅकेटांमधलं अंतर, सेकंदांत. विंडोजमध्ये तेच टीटीएल. आणि ‘-एफ’ला जपा: विंडोजमध्ये त्याचा अर्थ पॅकेट तोडू नका, लिनक्सवर सुडो (म्हणजे ॲडमिनचा अधिकार) लावून तेच मारलं तर पॅकेटांचा धबधबा सुटतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर तर हे मुळीच नको.

विंडोजमधल्या त्या ‘-एफ’चा खरा उपयोग वेगळ्याच तक्रारीत होतो. काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, पिंग मात्र छान. तेव्हा हे मारा:

पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१

१.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा सर्व्हर. १४७२ मध्ये आयसीएमपीच्या (पिंग ज्या पद्धतीनं जातं ती) वेष्टणाचे ८ आणि आयपीच्या, म्हणजे पत्त्याच्या वेष्टणाचे २० बाइट मिळवले की १५०० होतात, इथरनेटची नेहमीची मर्यादा. पीपीपीओई जोडणी (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरून चालणारी) त्यातले ८ खाते, म्हणून तिथं १४६४ पर्यंतच जातं. त्याच्या वर ‘पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ आलं तर बिघाड समजू नका. पण १४६४ ही जात नसेल, तर आकडा दहा-दहानं उतरवत न्या. जो आकडा पहिल्यांदा जाईल त्यात २८ मिळवा आणि राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाईनच्या) सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा सर्वांत मोठा आकार, म्हणून तो भरा. लिनक्सवर हीच चाचणी ‘-एम डू -एस १४७२’ अशी, एम मोठा. मॅकवर ‘-डी -एस १४७२’, डी मोठा.

एखादा पत्ता पिंगला उत्तरच देत नाही म्हणून तो बंद आहे असं धरू नका. कित्येक सर्व्हर आयसीएमपी अडवतात. विंडोजचा फायरवॉलही बहुतेक वेळा तेच करतो, त्यामुळं शेजारच्या खोलीतला चालू संगणकसुद्धा मेल्यासारखा दिसतो.

तक्रार करायचीच असेल तर ८.८.८.८ चं पिंग फाईलमध्ये घ्या:

पिंग -टी ८.८.८.८ > नोंद.टीएक्सटी

स्क्रीनवर काही दिसणार नाही, घाबरू नका, कंट्रोल-सी दाबेपर्यंत ते लिहीत राहतं. विंडोज ओळीवर घड्याळाची वेळ टाकत नाही, म्हणून कधी सुरू केलं ते कागदावर टिपून ठेवा. लिनक्सवर मोठा ‘-डी’ लावला की प्रत्येक ओळीआधी वेळ येते, फक्त ती १९७० पासूनच्या सेकंदांत असते. मग ती फाईल जशीच्या तशी व्हॉट्सॲपवर टाका. स्क्रीनचा तिरका फोटो नको, त्यात नेमके शेवटचे आकडे कापलेले असतात.